वकीलसाहेब, घ्याल किती?

केशकर्तनालयाच्या भिंतीवर दरपत्रक असते. कटिंग इतके, दाढी इतके, मालिश इतके, आणि खाली ठळक अक्षरांत ‘उधार बंद’. वकिलाच्या ऑफिसात भिंतीवर गणपती असतो, कपाटात एआयआर निवाड्यांचे जाडजूड खंड असतात, टेबलावर फितीत बांधलेल्या फायली असतात. दरपत्रक तेवढे नसते. यात वकिलांची लबाडी काही नाही. बार कौन्सिल ऑफ इंडियाच्या नियम 36ने त्यांना जाहिरात करायला बंदी केली आहे. दारावरची पाटीसुद्धा वाजवी आकाराची हवी. त्यामुळे ‘दोन मृत्युपत्रांवर एक बक्षीसपत्र मोफत’ असले फलक कुठे झळकत नाहीत. कामाच्या निकालावर ठरणारी फी घेणेही वकिलाला मना आहे. मृत्युपत्राच्या बाबतीत ते बरेच म्हणायचे, कारण इथे निकाल लागतो तेव्हा फी देणारा हयात नसतो.

फी विचारायची कशी, हा मग पेच होऊन बसतो. मुलीच्या लग्नात हॉलवाल्याने सांगितलेला आकडा निमूटपणे मोजलेला सेवानिवृत्त गृहस्थ वकिलापुढे बसला, की त्याच्यातला हिशेबनीस जागा होतो. तो थेट विषयावर येत नाही.

“सहज आलो होतो, वकीलसाहेब. एक साधंसंच विल करायचं होतं. एक पान पुरे.”

“बसा काका. मिळकत काय काय?”

“फार नाही हो. एक फ्लॅट.”

“बरं.”

“आणि गावाकडे थोडी जमीन.”

“सातबारावर नाव कुणाचं?”

“आजोबांचं.”

वकीलसाहेब पेनचे टोपण काढतात. फी वाढली हे काकांना त्या आवाजावरूनच कळते.

पुढे मग एकेक बाहेर येत जाते. आजोबांना चार मुले होती. त्यातल्या एका चुलत्याचे कुटुंब इंदूरला असते. फ्लॅट दोघांच्या नावावर आहे, पण दुसरे नाव ‘नुसते घातलेले’ आहे. मुलगी अमेरिकेत आहे, तिला ‘काही नकोच आहे’, पण तसे तिला कोणी विचारलेले नाही. पाच बँकांत मिळून अकरा मुदतठेवी आहेत आणि त्यांच्या पावत्या सुरक्षित आहेत, म्हणजे कुठे आहेत हे फक्त काकांना ठाऊक आहे. एका पानाचे विल अशा रीतीने तासाभरात सात पानांवर जाते.

आता प्रत्यक्ष आकडे. तालुक्याच्या गावी दोन-तीन हजारांत मृत्युपत्र लिहून मिळते. पुण्या-मुंबईत साध्या मृत्युपत्राला दहा-पंधरा हजार सहज सांगतात. मिळकती जास्त, वारस जास्त आणि त्यांच्यातले अबोले जास्त असतील तर आकडा पुढे सरकतो, आणि काचेच्या इमारतीत बसणाऱ्या सॉलिसिटरच्या फर्मकडे गेलात तर तो लाखाच्या घरात जातो. तिथे कॉफी चांगली मिळते.

गंमत अशी, की यातले सरकार जवळजवळ काही घेत नाही. एरवी हप्त्याने घेतलेल्या मोटारीपासून भाड्याने दिलेल्या खोलीपर्यंत कशालाही मुद्रांक लावणाऱ्या सरकारने मृत्युपत्राला मात्र मुद्रांक शुल्क लावलेले नाही. तरीही ‘विल बॉण्ड पेपरवरच करावे लागते’ ही समजूत महाराष्ट्रात पिढ्यान्‌पिढ्या वारसाहक्काने चालत आली आहे. ऑक्टोबर 2024मध्ये राज्याने शंभराच्या मुद्रांकाची सद्दी संपवून किमान रक्कम पाचशेवर नेली, तेव्हा ‘आता विलसुद्धा महागले’ म्हणून हळहळणारे पुष्कळ भेटले. कोऱ्या कागदावर, स्वतःच्या हाताने, शाईच्या पेनने लिहिलेले मृत्युपत्रही चालते. ते कुठल्या ठरावीक नमुन्यातच हवे असे कायदा म्हणत नाही, वकिलाकडूनच करून घ्या असेही म्हणत नाही. भारतीय उत्तराधिकार कायदा, 1925चे कलम 63 एवढेच मागते, की करणाऱ्याने सही करावी आणि दोन साक्षीदारांनी ते साक्षांकित करावे.

नोंदणीसुद्धा ऐच्छिक आहे. करायची म्हटली तर महाराष्ट्रात फी शंभर रुपये, आणि वर पानागणिक हाताळणी शुल्क. म्हणून ज्यांना पितळी समईपासून शिलाई मशीनपर्यंत प्रत्येक वस्तूची वाटणी लेखी हवी असते, त्यांनी पाने मोजावीत. दुय्यम निबंधकाच्या कार्यालयात टोकन घेऊन बाकावर बसायचे, नंबर लागला की छोट्या कॅमेऱ्याकडे बघून फोटो द्यायचा, यंत्रावर अंगठा ठेवायचा. वयामुळे बोटांच्या रेषा पुसट झालेल्या असतात. अंगठा पुसा, पुन्हा ठेवा, जरा दाबा, असे चार वेळा होते. मग साहेब विचारतात, “हे स्वतःच्या मर्जीने करताय ना? कुणाचा दबाव नाही ना?” आणि काका तोंड उघडण्याआधी मागे उभा असलेला थोरला मुलगा म्हणतो, “छे छे, अजिबात नाही.”

शंभर रुपये नोंदणी, पानांचे थोडेफार, आणि वृद्ध माणूस शुद्धीवर व शहाणा आहे अशा डॉक्टरच्या दाखल्याचे काय ते. मग वकिलाचे दहा हजार कशाचे? सोसायटीच्या बाकावर हा प्रश्न रोज संध्याकाळी विचारला जातो. तिथेच कोणीतरी मोबाइलवर आलेला नमुना पुढे धाडतो, फक्त नावे बदलायची. तो नमुना बहुधा दिल्लीकडचा असतो आणि त्यात गुरगावच्या कोठीचा उल्लेख राहून जातो.

वकिलाशिवाय केलेल्या मृत्युपत्राचे जगातले सर्वांत गाजलेले उदाहरण कॅनडातले आहे. 8 जून 1948 रोजी सस्कॅचेवान प्रांतातला शेतकरी सेसिल जॉर्ज हॅरिस स्वतःच्याच ट्रॅक्टरखाली अडकला. तासन्‌तास सुटका होईना. त्याने खिशातल्या चाकूने ट्रॅक्टरच्या मडगार्डवर कोरले, की यात आपण मेलो तर सगळे बायकोला. तो वाचला नाही, पण न्यायालयाने तो पत्राच मृत्युपत्र म्हणून मान्य केला. आज तो सस्कॅचेवान विद्यापीठाच्या विधी ग्रंथालयात जपून ठेवला आहे. फी शून्य, मुद्रांक शून्य, पाने एक. आपल्याकडे मात्र हा ट्रॅक्टर पहिल्याच तारखेला बाद झाला असता. साक्षीदार कुठे आहेत?

साक्षीदार हा एक स्वतंत्र विषय आहे. मृत्युपत्र पुढे न्यायालयात सिद्ध करायचे झाले, तर दोघांपैकी निदान एकाने हजर होऊन साक्ष द्यावी लागते. म्हणून साक्षीदार आपल्याहून तरुण, धडधाकट आणि गाव न सोडणारा असावा, असा सल्ला वकील देतात. काकांच्या मनात मात्र चाळीस वर्षांचे दोन स्नेही असतात, एक अठ्ठ्याहत्तर, दुसरे ब्याऐंशी. त्यांना वगळून समोरच्या ब्लॉकमधल्या तिशीच्या मुलाला बोलावले, की अर्थ उघड होतो आणि दोघे स्नेही आठवडाभर फिरायला येत नाहीत. शिवाय ज्याला विलातून काही मिळणार आहे त्याला साक्षीदार न करणे शहाणपणाचे. म्हणजे ज्याला काही मिळणार नाही, पण जो बोलावले तर वीस वर्षांनीही कोर्टात येईल, असा माणूस शोधायचा. असा माणूस सापडणे हीच खरी कमाई, पण ती विलात लिहिता येत नाही.

आणि मग ते वाक्य. घरच्या घरी केलेल्या मराठी मृत्युपत्रात ते असतेच: ‘माझे पश्चात सर्व मिळकत माझे पत्नीस मिळावी व तिचे पश्चात मुलांना समसमान मिळावी.’ वाचायला किती गोड! या एका वाक्यावर भारतातल्या न्यायालयांनी शेकड्यांनी पाने खर्च केली आहेत. पत्नी पूर्ण मालक झाली, की तिला हयातभर उपभोगायचा तेवढाच हक्क मिळाला? मालक झाली असेल तर ती घर विकू शकते, भाच्याच्या नावाने करू शकते, आणि मग ‘तिचे पश्चात’चा भाग हवेतच राहतो. नुसता हक्कच असेल तर तिला औषधपाण्यासाठीही घर विकता येत नाही. वकील दहा हजार घेतो ते सात पाने टाइप करण्याचे नव्हेत. “काका, काकूंना घर विकता यावं, की फक्त राहता यावं?” हा प्रश्न विचारण्याचे ते पैसे आहेत. काकांनी त्यावर विचार केलेला नसतो. काकूंनी केलेला असतो, पण त्यांना कोणी विचारलेले नसते.

अर्थात उत्तम वकील लावले की सगळे सुतासारखे सरळ होते असेही नाही. रतन टाटा यांचे 9 ऑक्टोबर 2024 रोजी निधन झाले. मागे 2022चे मृत्युपत्र होते आणि त्याला वेळोवेळी जोडलेल्या पुरवण्या होत्या. पाळीव कुत्र्याच्या देखभालीपर्यंतची तरतूद त्यात होती. तरीही मृत्युपत्रात स्वतंत्र उल्लेख नसलेले शेअर नेमके कुणाकडे जातात हे स्पष्ट करून घेण्यासाठी व्यवस्थापकांना मुंबई उच्च न्यायालयात जावे लागले. कोलकात्याच्या प्रियंवदा बिर्ला यांनी 1999मध्ये मृत्युपत्र केले. 2004मध्ये त्या गेल्या आणि सुमारे पाच हजार कोटींचे साम्राज्य सनदी लेखापाल आर. एस. लोढा यांच्या नावे ठेवल्याचे समोर आले. बिर्ला परिवाराने आव्हान दिले. 2008मध्ये लोढाही गेले. वाद दोन दशके ओलांडून पुढच्या पिढीने चालवला. त्या दाव्यात दोन्ही बाजूंनी वकिलांना जे मिळाले असेल, त्यात काकांच्या सोसायटीच्या सगळ्या इमारतींची मृत्युपत्रे होऊन वर लिफ्टही बदलली असती.

या बाबतीतला मानाचा फेटा मात्र इंग्लंडला द्यावा लागतो. विल्यम जेनन्स हा तिथला गडगंज सावकार 1798मध्ये सत्त्याण्णवाव्या वर्षी वारला. त्याच्या कोटाच्या खिशात मृत्युपत्र सापडले, मोहोर केलेले, पण सही नसलेले. नोकराने सांगितले, की साहेब सही करायला वकिलाकडे गेले होते, पण चष्मा घरी विसरले. मग ते राहून गेले ते राहूनच गेले. वारसांचे दावे-प्रतिदावे 1915पर्यंत चालले. एकशे सतरा वर्षांत इस्टेटीचा लगदा होऊन सगळा पैसा कोर्टखर्चात जिरला. चार्ल्स डिकन्सच्या ‘ब्लीक हाऊस’मधला अंतहीन दावा यावरूनच सुचला असे मानले जाते. सही केली असती तर वकिलाला फार तर काही गिनी मिळाल्या असत्या. चष्मा विसरल्यामुळे वकिलांच्या चार पिढ्या जगल्या.

आपल्याकडे चष्मा विसरण्याची वेळ येत नाही, कारण बहुतेक लोक वकिलाकडे जातच नाहीत. ‘सगळीकडे नॉमिनी लावलाय’ हे त्यांचे ब्रह्मवाक्य. नॉमिनी सहसा मालक होत नाही, तो वारसांच्या वतीने रक्कम स्वीकारणारा, हे सर्वोच्च न्यायालयाने विम्याच्या बाबतीत 1983मध्येच सांगितले. शेअर आणि डिबेंचरच्या बाबतीत तेच पुन्हा 14 डिसेंबर 2023 रोजी सांगितले, आणि तो खटला होता ‘कालनिर्णय’कार जयंत साळगावकर यांच्या मालमत्तेसंबंधीचा. मराठी घराच्या भिंतीवर ज्यांची दिनदर्शिका, त्यांच्याच नावाशी जोडलेला हा निकाल अजून मराठी घरांत पोचलेला नाही. नोव्हेंबर 2025पासून बँकखात्याला एकाऐवजी चार नॉमिनी लावता येतात. म्हणजे आता ‘पैसे माझेच’ असे वाटणारी माणसे चौपट झाली.

मृत्युपत्र नसले की मागे राहिलेल्यांची यात्रा सुरू होते. बँक वारसाहक्क प्रमाणपत्र मागते. सोसायटी नॉमिनीला ‘तात्पुरता सभासद’ करून घेते आणि कायम होण्यासाठी कागद आणा म्हणते. वारस दाखल्यासाठी अर्ज करायचा तो अजूनही 1827च्या मुंबई रेग्युलेशनखाली. तलाठ्याकडे वारस नोंद, मग फेरफार, मग इंदूरच्या चुलत्यांच्या सह्या. वारसाहक्क प्रमाणपत्राची कोर्ट फी मिळकतीच्या किमतीवर चढत जाते आणि महाराष्ट्रात 75 हजारांवर थांबते. वकिलाची फी अशी कुठे थांबत नाही. जे काका दहा हजारांसाठी तीन वकील फिरले, त्यांची मुले पुढे लाखाच्या वर मोजतात, आणि तीही काकांच्याच ठेवीतून. फक्त ठेव मोडायला आधी प्रमाणपत्र लागते.

मुंबईकरांचे दुखणे आणखी वेगळे होते. मुंबई, कोलकाता आणि चेन्नई या जुन्या इलाखा शहरांत मृत्युपत्र असले तरी त्याचे प्रोबेट, म्हणजे ते खरे असल्याचा न्यायालयाचा दाखला, घेणे सक्तीचे असे. ठाण्याच्या माणसाचे विल तसेच चाले, मुलुंडच्या माणसाचे न्यायालयात जाई. मधल्या टोलनाक्याने वसूल केली नसेल एवढी रक्कम त्या फरकाने केली. डिसेंबर 2025मध्ये संसदेने उत्तराधिकार कायद्यातले ते कलम 213 वगळले. मुलुंड आणि ठाणे यांत आता पार्किंगपुरताच वाद उरला आहे.

गोव्यात गेलात तर सगळे गणितच निराळे. पोर्तुगीज काळापासूनच्या नागरी कायद्याप्रमाणे तिथे वारसांचा अर्धा हिस्सा राखीव असतो. मृत्युपत्राने वाटेल तसे देता येते ते उरलेले अर्धेच. ‘एकेकाला विलातून काढून टाकीन’ ही महाराष्ट्रातल्या बापांची लाडकी धमकी गोव्यात निम्मीच चालते.

वकिलाची फी टाळण्याचा एक मार्ग म्हणून पुष्कळजण बक्षीसपत्राकडे वळतात. राहते घर मुलाला, मुलीला, नातवंडाला किंवा पत्नीला बक्षीस दिले तर महाराष्ट्रात मुद्रांक शुल्क अवघे दोनशे रुपये, शहरात वर टक्क्याने लागणारा अधिभार. कागद होताच घर मुलाचे. दुसऱ्या दिवसापासून काका मुलाच्या घरात राहतात, आणि टीव्हीचा आवाज किती ठेवायचा हे सूनबाई ठरवतात. ज्येष्ठ नागरिकांसाठीच्या 2007च्या कायद्याचे कलम 23 म्हणते, की सांभाळण्याच्या अटीवर दिलेले बक्षीस मुलाने अट मोडली तर रद्द होऊ शकते. पण ती अट त्या कागदात आधी घातलेली बरी, आणि ती घालायला पुन्हा वकीलच लागतो. मृत्युपत्र त्या मानाने सोयीचे. शेवटच्या दिवसापर्यंत ते बदलता येते, आणि ते बदलता येते एवढे घरात माहीत असले तरी चहा वेळेवर मिळतो.

एका गोष्टीत मात्र आपण नशीबवान आहोत. 1953पासून 1985पर्यंत या देशात इस्टेट ड्यूटी होती, आणि तिचा वरचा दर 85 टक्क्यांपर्यंत गेला होता. विश्वनाथ प्रताप सिंह अर्थमंत्री असताना ती रद्द झाली. इंग्लंडमध्ये अजूनही ठरावीक मर्यादेवर 40 टक्के वारसा कर आहे, म्हणून तिथले लोक वकिलाला आनंदाने पैसे देतात. वकील त्यांचे सरकारपासून रक्षण करतो. आपला वकील आपल्या वारसांचे एकमेकांपासून रक्षण करतो, आणि त्यासाठी पैसे द्यायचे म्हणजे आपली मुले भांडतील हे कबूल करावे लागते. काकांना जड जाते ते हेच. “आमच्यात तसं काही नाही हो” हे वाक्य वकिलाने जितक्या अशिलांकडून ऐकलेले असते, त्यांतल्या निम्म्यांच्या मुलांना तो पुढे कोर्टात भेटलेला असतो.

या सगळ्यात काकू कुठे आहेत? काकूंच्या नावावर स्वतःच्या नोकरीतून घेतलेला छोटा फ्लॅट आहे, पण विलाची बोलणी काकांच्याच मिळकतीची चालू असतात. हिंदू उत्तराधिकार कायद्याच्या कलम 15प्रमाणे, पती आणि मूल मागे नसलेली स्त्री मृत्युपत्र न करता गेली, तर तिची स्वकष्टार्जित मिळकत आधी पतीच्या वारसांकडे जाते, माहेरकडे नव्हे. नारायणीदेवी नावाच्या स्त्रीचा नवरा लग्नानंतर काही महिन्यांतच वारला. सासरच्यांनी तिला घराबाहेर काढले. माहेरी राहून ती शिकली, नोकरी केली, पैसा जमवला, आणि 1996मध्ये विल न करता गेली. सर्वोच्च न्यायालयाने 2009मध्ये निकाल दिला: सगळे पतीच्या बहिणीच्या मुलांना. कोऱ्या कागदाचे एक पान आणि दोन सह्या, एवढ्यावाचून ते गेले. नोव्हेंबर 2025मध्ये त्याच न्यायालयाने देशातल्या हिंदू स्त्रियांना आपापले मृत्युपत्र करून ठेवण्याचे आवाहन केले आहे.

तेव्हा काकूंनी काकांच्या विलाची वाट पाहू नये. त्याच वकिलाकडे त्याच दिवशी आपलेही सांगून टाकावे. फी आधी विचारावी, उघड विचारावी, आणि त्यात टायपिंग, दुरुस्त्या नि नोंदणीच्या दिवशीचे येणे धरले आहे का तेही विचारावे. दोघांचे मिळून थोडे कमी करा म्हणायला हरकत नाही, वकील बहुधा करतात. साक्षीदार तिशीतले न्यावेत. आणि चष्मा बरोबर घ्यावा.